ठग इंग्लंडला गेला आणि थग झाला

1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा कलमांचे नवे आकडे पाठ करण्यात सगळे गुंतले होते. फसवणुकीचं 420 आता 318 झालं, खुनाचं 302 आता 103 झालं, वगैरे. त्या गडबडीत कलम 310 आणि 311 गुपचूप नाहीशी झाली. त्यांना नवा आकडा मिळालाच नाही. या दोन कलमांत ‘ठग’ कोणाला म्हणायचं आणि त्याला शिक्षा काय, हे लिहिलेलं होतं. (नव्या संहितेत 310 क्रमांकाखाली दरोडा आहे. योगायोग, पण शोभणारा.)

कायद्यातून शब्द गेला, तरी इंग्रजीत तो जोरात आहे. अमेरिकेतला राजकारणी दंगलखोरांना ‘थग’ म्हणतो आणि त्यावरून आठवडाभर वाद पेटतो. आपली मुलं रीलवर कोणी आगाऊपणे उलट उत्तर दिलं की खाली ‘थग लाइफ’ लिहितात. हा थग म्हणजे आपलाच ठग. पण दोघांचे अर्थ जुळत नाहीत. मराठीतला ठक गोड बोलून फसवतो, तो मारहाण करत नाही. इंग्रजीतला थग हाणामारी करतो, त्याला गोड बोलता येईल अशी कोणाची अपेक्षाही नसते. एका शब्दाचे असे दोन तुकडे कसे झाले, ते पाहू.

मुळात अर्थ ‘झाकणे’

संस्कृतात ‘स्थग्’ असा धातू आहे. धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. अर्थ: झाकणे, लपवणे. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लबाड, आतलं लपवणारा. प्राकृतातून येताना ‘स्थ’चा ‘ठ’ झाला आणि हिंदीत ठग, मराठीत ठक आणि ठग अशी रूपं राहिली. ठकणे म्हणजे फसणे, ठकवणे म्हणजे फसवणे, ठकास महाठक भेटतो, आणि वर्तमानपत्रं ज्याच्या अटकेच्या बातम्या देतात तो ठकसेन. या सगळ्या गोतावळ्यात कुठेही रक्त नाही. त्याच धातूचा सभ्य वंशज म्हणजे आपला ‘स्थगित’. संस्कृतात त्याचा अर्थ झाकलेला, अडवलेला. आपण तो सभा आणि खटल्यांसाठी ठेवला.

हे कूळ आणखी मागे जातं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांच्या समान पूर्वजात ‘झाकणे’ या अर्थाचं एक मूळ होतं, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यातून ग्रीकमध्ये छप्पर या अर्थाचा शब्द आला, आणि पाठीवर कौलांसारखे पत्रे असलेल्या डायनासोरला स्टेगोसॉरस हे नाव मिळालं. लॅटिनमधून ‘प्रोटेक्ट’ आला, म्हणजे पुढून झाकणे. आणि ‘डिटेक्ट’ही आला, म्हणजे झाकण काढणे. म्हणजे थग आणि डिटेक्टिव्ह हे चुलत भाऊ निघाले.

‘ठ’चा ‘थ’ का झाला? कारण फक्त लिपी. रोमन लिपीत ठ साठी वेगळं अक्षर नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी टी आणि एच जोडून काम भागवलं. लंडनच्या वाचकाने ती जोडी आपल्या सवयीने, दातांना जीभ लावून वाचली.

ठगी चालायची कशी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात लांबचा प्रवास पायी किंवा घोड्यावर होई, आणि पैसा रोख असे. रजेवर घरी निघालेला शिपाई कमरेला पगार बांधून निघे. सावकारांचे जासूद दागिने आणि नाणी घेऊन जात. एकट्याने जाणं धोक्याचं, म्हणून लोक वाटेत सोबत शोधत. ठगांचा धंदा याच गरजेवर उभा होता. 1810 मध्ये कंपनीच्या सैन्यातून शिपायांना सूचना गेली की रोख नेऊ नका, हुंडी करून घ्या, वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्यांवर विश्वास ठेवू नका. इंग्रजी लिखाणात ‘थग’ भेटू लागतो तो याच सुमारास.

टोळीत कामं वाटलेली असत. सराईत शब्द असे: ‘सोठा’ म्हणजे गोड बोलून प्रवाशाला आपल्यात ओढणारा. ‘भुर्तोट’ म्हणजे गळ्याभोवती रुमाल आवळणारा. ‘शमसिया’ त्याच वेळी हात धरून ठेवी. ‘लुघा’ खड्डे खणी. ‘बेल’ म्हणजे मारण्या-पुरण्यासाठी आधीच हेरलेली जागा. व्यापारी, यात्रेकरू किंवा शिपाई असल्याचं सोंग घेऊन टोळीतले लोक दोन-तीन गटांत पुढे-मागे चालत, म्हणजे प्रवाशाला ही सगळी एकच टोळी आहे हे कळू नये. सोबत कधी काही कोस, कधी काही दिवस चाले. एकत्र स्वयंपाक, एकत्र मुक्काम. मग पहाटेच्या अंधारात किंवा मुक्कामाला बसल्यावर, तंबाखू मागण्यासारखं एखादं साधं वाक्य उच्चारलं की तीच इशारत.

रुमालच का? त्याची कारणं व्यवहारी होती. नाक्यावर झडती झाली तर रुमाल हे शस्त्र ठरत नाही. आवाज होत नाही, कपड्यांवर रक्त उडत नाही. आणि प्रवासी घरापासून शेकडो कोसांवर नाहीसा झाला की त्याची वाट पाहणाऱ्यांना तो कुठल्या संस्थानाच्या हद्दीत हरवला हेसुद्धा कळत नसे, मग तक्रार करणार कोणाकडे? दरोडेखोर साक्षीदार मागे ठेवतो, ठग ठेवत नसे. कोणालाही सोडायचं नाही हा नियम क्रौर्यापेक्षाही हिशेबातून आलेला होता.

म्हणजे या माणसात दोन गोष्टी एकत्र होत्या: विश्वास मिळवणं आणि जीव घेणं. पुढे मराठी-हिंदीने पहिली ठेवली, इंग्रजीने दुसरी उचलली.

कंपनीने शब्दाचाच गुन्हा केला

विल्यम स्लीमन (1788–1856) हा बंगाल सैन्यातला अधिकारी नर्मदेच्या खोऱ्यात मुलकी कामावर होता. 1830 च्या आसपास त्याने जबलपूरहून ठगांविरुद्ध मोहीम उघडली. त्याची पद्धत नवी होती. पकडलेल्या ठगाला फाशी टळेल असं वचन देऊन माफीचा साक्षीदार करायचं, त्याच्याकडून साथीदारांची नावं, पुरलेल्या जागा, नातेसंबंध काढायचे. हे सगळं कागदावर येई: वंशावळी, नकाशे, एकाची जबानी दुसऱ्याशी ताडलेली. फिरंगिया नावाचा प्रसिद्ध जमादार, म्हणजे टोळीचा म्होरक्या, हाती यावा म्हणून आधी त्याच्या घरच्यांना ताब्यात घेतलं. साक्षीदारांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर खरोखर सांगाडे निघाले.

तरी एक अडचण उरे. अमक्याने तमक्याला मारलं हे सिद्ध करायचं तर मेलेला कोण हेच ठाऊक नसे. त्यावर उपाय म्हणून 1836 चा 30 वा कायदा आला. त्याचा आशय असा: जो कोणी हा कायदा होण्याआधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर, ठगांच्या टोळीत होता असं सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीची जन्मठेप.

हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. खून सिद्ध करायची गरज नाही, टोळीतला असणं पुरे. कायद्याच्या आधीचं असलं तरी चालेल. दुसऱ्या राजाच्या हद्दीतलं असलं तरी चालेल. आणि ‘ठग’ म्हणजे कोण, हे मात्र कायद्याने सांगितलंच नाही! ती व्याख्या 1848 च्या कायद्यात आली आणि तिथून 1860 च्या दंड संहितेत गेली. खून करून किंवा खुनासह जबरी चोरी करणं वा मुलं पळवणं, यासाठी इतरांशी नेहमीची संगत ठेवणारा तो ठग. पहिली बारा वर्षं व्याख्येची जागा साक्षीदाराच्या बोटाने भरून काढली.

यात चूक कुठे होते ते उघड आहे. वर्गात खिडकी फुटली आणि मास्तरांनी एका पोराला सांगितलं की दहा नावं दे, तुला सोडतो, तर तो दहा नावं देणारच, खिडकी चौघांनीच फोडली असली तरी. स्लीमनने जबान्या ताडून पाहण्याची काळजी घेतली, हे मान्य करायला हवं. पण साक्षीदार एकाच तुरुंगात एकत्र राहत होते, ही गोष्टही विसरता येत नाही. शेकडो माणसं फासावर गेली, हजाराहून अधिक समुद्रापार पाठवली गेली, तीही अंदमानला नव्हे (ती वसाहत 1858 ची), तर पेनांगसारख्या ठिकाणी. माफीचे साक्षीदार जबलपुरातच राहिले. त्यांच्यासाठी उघडलेल्या कारखान्यात ते आणि त्यांची मुलं तंबू आणि गालिचे विणत. ठगी आणि डकैती खातं 1904 पर्यंत चाललं आणि त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं आलं. जबलपूरजवळ स्लीमनाबाद हे गाव अजून आहे.

मग ठग होते तरी का, की सगळं इंग्रजांनी रचलं?

दोन्ही टोकांची उत्तरं सोपी आहेत आणि दोन्ही चूक आहेत.

शब्द इंग्रजांच्या फार आधीचा आहे. दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे 1290 च्या सुमारास, शहरात हजारभर ठग पकडले गेले आणि सुलतानाने त्यांना होड्यांत घालून लखनौतीकडे, म्हणजे बंगालात, सोडून दिलं. ते गळा आवळणारे होते की नुसते फसवणारे, हे तिथे स्पष्ट नाही. कंपनीच्या काळात चंबळच्या बाजूला सिंधौस परगण्यात ठगांची वस्ती होती. तो भाग ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे असताना त्यांच्या घरांवर वेगळा कर वसूल होई अशा नोंदी आहेत. म्हणजे मराठा अंमलदारांना हे लोक काय करतात ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांचा वाटा होता. 1812 मध्ये हॅल्हेड नावाच्या अधिकाऱ्याने तिथे फौज नेली तेव्हा एक इंग्रज लेफ्टनंट मारला गेला. म्हणजे वाटसरूंना मारणाऱ्या टोळ्या खऱ्या होत्या.

पण सबंध हिंदुस्थानभर पसरलेली, एका भाषेची, एका धर्मविधीची, पिढ्यान्‌पिढ्यांची गुप्त संघटना? हे चित्र जबान्या घेणाऱ्यांनी जोडून तयार केलं. दक्षिणेत अशा लुटारूंना ‘फांसीगर’, म्हणजे फास टाकणारे, म्हणत, इतरत्र आणखी काही. स्लीमनच्या दप्तरात सगळे एका शिरोनामाखाली गेले. त्या काळी फौजा मोडल्या होत्या, शिपाईगिरी गेली होती. मोसमात शेती आणि पावसानंतर वाटमारी, असं करणारेही त्यांत पुष्कळ होते. त्यांच्यासाठी तो हंगामी धंदा होता, पंथ नव्हे.

आकड्यांचंही तसंच. बेहराम नावाच्या ठगाने 931 माणसं मारली हे वाक्य जगभर फिरतं. लखनौच्या रेसिडेन्सीतल्या पॅटन या अधिकाऱ्याच्या कागदांवरून ते आलं. त्याच कागदांत बेहराम स्वतः सांगतो की माझ्या हाताने मारलेले सुमारे सव्वाशे. मोठा आकडा तो ज्या टोळ्यांत होता त्यांच्या नावचा. सव्वाशेही थोडे नव्हेत, पण विक्रमांच्या याद्यांना मोठाच आकडा आवडतो.

देवीला बळी देत होते, त्याचं काय?

देवीची पूजा होती. खणायच्या कुदळीला पावित्र्य होतं, शकुन पाहत, कामगिरी झाली की सव्वा रुपयाचा गूळ वाटत. पण ठगांत मुसलमान मोठ्या संख्येने होते आणि तेही हे विधी पाळत. दर्यावर्दी, सैनिक, शिकारी, जिवाची जोखीम असलेल्या प्रत्येक धंद्यात अशा रीती सापडतात. खून पैशासाठी होता, गूळ त्यानंतरचा. इंग्रज वाचकाला मात्र ‘लुटारू’पेक्षा ‘देवीचे पुजारी खुनी’ हे अधिक चटकदार वाटलं.

इथे महाराष्ट्राचा एक गंमतशीर धागा आहे. स्लीमनच्या साक्षीदारांनी सांगितलं की आमच्या धंद्याची प्रत्येक क्रिया वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे: गळा आवळणं, प्रेत उचलणं, पुरणं. वेरूळ पाहिलेल्या कोणालाही हे ऐकून हसू येईल. पण त्यातून एक कळतं. धंद्याला जुनी, दैवी परंपरा चिकटवण्याची हौस फक्त साहेबालाच नव्हती.

लंडनला शब्द कसा पोचला

स्लीमनने 1836 मध्ये ठगांच्या बोलीवर पुस्तक छापलं, पण ते अधिकाऱ्यांपुरतं. घराघरांत शब्द नेला तो फिलिप मेडोज टेलरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’ या 1839 च्या कादंबरीने. टेलर निजामाच्या नोकरीत होता. पुढे 1850 च्या दशकात तो नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता, म्हणजे आजच्या धाराशिवच्या भागात. अमीर अली नावाचा ठग आपली कहाणी स्वतः सांगतो, अशी या कादंबरीची रचना. छपाई चालू असतानाच राणी व्हिक्टोरियाने तिचे फर्मे मागवून वाचले, असं टेलरनेच लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी थॉमस कार्लाइल हा स्कॉटिश लेखक ग्लासगोच्या संपकरी कामगारांच्या हिंसेला ‘ग्लासगो थगरी’ म्हणतो. शब्दाला हिंदुस्थानबाहेर स्वतंत्र आयुष्य मिळालं ते इथे. लक्षात घ्या, गिरणी-कामगारांनी कोणाचा विश्वास संपादून गळा आवळला नव्हता. संपफुटीर, मालक, मारामारी असा मामला होता. लबाडी गळाली, दांडगाई उरली. आणि आणखी एक गोष्ट चिकटली: थग म्हणजे खालच्या थरातला, झुंडीतला माणूस. श्रीमंत घरचा खुनी थग होत नाही.

अमेरिकेतला अर्थ

अमेरिकेत गेल्या शतकात हा शब्द भाडोत्री गुंड, संप मोडणारे, मतदान उधळणारे अशा सगळ्यांसाठी चाले, रंग कोणताही असो. 1990 च्या दशकात टुपाक शकूर या कृष्णवर्णी रॅपरने तो उलटा वापरला. ‘थग लाइफ’ त्याने पोटावर गोंदवलं, त्या नावाचा गट काढला. त्याच्या सांगण्यानुसार थग म्हणजे गुन्हेगार नव्हे. ज्याच्याकडे काहीच नव्हतं आणि तरीही जो उभा राहिला तो. रीलवरचं ‘थग लाइफ’ इथून आलं.

2014 च्या जानेवारीत रिचर्ड शर्मन या फुटबॉलपटूने सामन्यानंतर टीव्हीवर आरडाओरडा केला. त्याला सर्वत्र ‘थग’ म्हटलं गेलं. त्याने विचारलं की काळ्यांसाठीची जुनी शिवी आता उघड देता येत नाही, म्हणून हा शब्द का? 2015 मध्ये बाल्टिमोरमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना फ्रेडी ग्रे या तरुणाचा मृत्यू झाला आणि जाळपोळ झाली. महापौर आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा दोघांनी जाळपोळ करणाऱ्यांना थग म्हटलं. दोघेही कृष्णवर्णी. महापौरांनी पुढे शब्द मागे घेतला. 2020 च्या मे महिन्यात ट्रम्प यांनी जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या दंगलखोरांसाठी तो मोठ्या अक्षरांत लिहिला. म्हणजे तिकडचा वाद शब्दाच्या अर्थाचा नाही. तो कोणाला लागतो आणि कोणाला लागत नाही, याचा आहे.

शब्दच तर आहे, एवढं काय?

इंग्रजीत दुष्टांसाठीचे कितीतरी शब्द मुळात कोणत्या तरी लोकांची नावं आहेत. ‘व्हिलन’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळवाडी. ‘व्हॅण्डल’ ही एक जर्मानिक जमात. (‘गून’ मात्र आपल्या गुंडावरून आलेला नाही, तसं कितीही सांगितलं जात असलं तरी. त्याचं मूळ तिकडचंच.) ‘थग’चा प्रवास या शब्दांच्या उलटा झाला. इथे शब्द आधी धंद्याचा होता आणि कायद्याने त्याला जन्माचा गुण केलं. बापाचा धंदा मुलाच्या रक्तात असतो ही समजूत ठगांच्या वंशावळींतून पक्की झाली आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. त्या यादीतल्या जमातीत जन्मलेल्याला हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन.

आपलं घर तपासायचं तर ‘भामटा’ घ्या. ‘बँक अधिकारी असल्याचे भासवून भामट्याने लाखो लुबाडले’ हे आपण रोज वाचतो. राजपूत भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जमात आहे. त्या जमातीतल्या पोराने ती बातमी वर्गात मोठ्याने वाचून बघावी. फासेपारध्यांच्या नावातला फासही गळ्यासाठी नसून हरण-तितरांसाठी आहे.

नव्या संहितेनेही टोळीत असणं हा गुन्हा सोडलेला नाही. कलम 111 नुसार संघटित गुन्हेगारी टोळीच्या सदस्याला किमान पाच वर्षं शिक्षा आहे. फरक इतका की तिथे आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. जन्म, जात, वंशावळ यांचा संबंध नाही.

लिहिताना काय वापरायचं

इंग्रजी बातमीत ‘थग’ आला तर मराठीत ‘ठग’ लिहू नका. वाचकाला वाटेल कोणीतरी पैसे बुडवले. ‘गुंड’ लिहा, संदर्भाप्रमाणे ‘दंगलखोर’ किंवा ‘भाडोत्री मारेकरी’. उलट, ओटीपी विचारून खातं साफ करणाऱ्याला मराठीत ठक किंवा ठकसेन शोभतो, पण इंग्रजीत ‘सायबर थग’ म्हटलं तर परदेशी वाचकापुढे संगणक घेऊन मारामारी करणारा उभा राहतो. उत्तरेकडची इंग्रजी वर्तमानपत्रं तसं लिहितात, कारण त्यांच्या कानात हिंदी ठग असतो. तिथे ‘फ्रॉडस्टर’ किंवा ‘कॉनमन’ बरा. आणि 1830 च्या जबलपूरबद्दल लिहिताना ठगच लिहा, ठ ने. रोमन लिपीची अडचण आपल्याला नाही.